बिनविरोधला पाडायचं

आईच्या वहीतलं सहावं काम तेवढं राहिलं होतं.

वही दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. पहिल्या पानावर तिनं लिहिलं होतं, ‘माझे कामं’, आणि खाली दोन रेघा ओढल्या होत्या. शेण, सरपण, निंदणी यातलं काही त्यात नव्हतं. ते तिच्या लेखी काम नव्हतंच, ते होतच असायचं. वहीत होती ती तिनं स्वतःसाठी ठरवलेली कामं.

१. सही न थांबता करणे.
२. हिंगोलीला एकटीनं जाऊन चष्मा आणणे.
३. मुंजाजीला तोंडावर बोलणे.
४. नागपूर.
५. संध्याच्या कपाटातलं एक जाडं पुस्तक शेवटपर्यंत वाचणे.
६. गावात मत देणे. बिनविरोदला पाडणे.

पहिल्या पाचांपुढं बरोबरच्या खुणा होत्या. तिसऱ्यापुढं दोन.

आई लग्न होऊन या गावात आली त्या वर्षी ग्रामपंचायतीची निवडणूक होती. एका सकाळी हलगी वाजायला लागली, गुलाल उधळला, आणि माणसं ओरडत गेली, “बिनविरोध निवडून आले! बिनविरोध निवडून आले!” आईनं शेजारच्या सखुबाईला विचारलं, “हा बिनविरोध कोनाचा?” सखुबाई म्हणाली, “असंल वरच्या गल्लीतला.” पाच वर्षांनी पुन्हा हलगी, पुन्हा गुलाल, पुन्हा तोच माणूस. दोघी खुरपताना त्याच्याबद्दल बोलत. कधी दिसत न्हाई, मत मागाया येत न्हाई, तरी पडत बी न्हाई. लई मोठा मानूस असंल.

पुढं साक्षरता वर्गात बाईंनी फळ्यावर तो शब्द फोडून लिहिला. सगळा वर्ग हसला, आईही हसली. घरी आल्यावर मात्र भाकरी थापता थापता थांबली आणि म्हणाली, “म्हंजी मानूसच न्हाई त्यो. इतकी वर्सं कोनीच न्हाई असा एकजन निवडून येऊन राहिला.” त्यानंतरही ती त्याला माणसासारखंच बोलायची. वस्तीचा रस्ता उखडला की म्हणायची, “सांगा बिनविरोधला.”

लोकसभेला, विधानसभेला तिनं कधी मत चुकवलं नाही. पण ज्या गावात ती पन्नास वर्षं राहिली, त्या गावच्या निवडणुकीत तिच्या बोटाला कधी शाई लागली नाही. तिथं मत द्यायची वेळच कोणी येऊ दिली नाही.

हिंगोलीत माझी अभ्यासिका होती. आईची मूत्रपिंडं निकामी होत चालली आहेत हे कळलं, तेव्हा अभ्यासिका दुसऱ्याला चालवायला देऊन मी गावी आले. दोन वर्षं तिच्याजवळ होते. मतदारयादीत नावही इथंच आणायला तिनं लावलं. म्हणाली, “तुझं नाव माझ्या नावाखाली पायजे.” सप्टेंबरात ती गेली. आमच्यात सुतक पाळत नाहीत. वंदना झाली, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, माणसं जेवून गेली. घरात मी राहिले, आणि पलीकडच्या दोन खोल्यांत माझा धाकटा भाऊ प्रमोद आणि त्याची बायको.

जानेवारीत ग्रामपंचायतीची निवडणूक लागली.

अर्ज भरायचे दिवस सुरू झाले तेव्हा एका दुपारी मुंजाजी काका दारातूनच ओरडले, “संध्या, चहा ठेव. साखर जास्त टाक. घरात मेंबर आलाय!” काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. वडील गेल्यापासून आमच्या वस्तीचा शब्द त्यांचाच. त्यांच्या मागं प्रमोद लाजत उभा होता, कपाळाला गुलाल लावून.

“मतदान कधी झालं?” मी विचारलं.

“मतदानाचं काय काम? झालं समदं आत्ताच, माणिकरावाच्या आखाड्यावर. नऊच्या नऊ जागा ठरल्या, सरपंच बी ठरला. आपल्या वॉर्डातली आपली राखीव जागा प्रमोदला. गाव बिनविरोध!”

आखाडा म्हणजे माणिकरावांच्या शेतातली जागा, जिथं त्यांची जनावरं, अवजारं आणि हळद शिजवायच्या कढया असतात. गेली तीस वर्षं गावाचे सगळे निर्णय तिथंच होतात.

“बैठकीला कोण कोण होतं?”

“सारं गाव होतं.”

“बाया?”

“बाया बी होत्या की. हळद काढून राहिल्या होत्या तिथंच, शंभर पावलांवर.”

काकांना त्यात काही वावगं वाटलं नाही. प्रमोदलाही नाही. मी चहा ठेवला. साखर जास्त टाकली. ते गेल्यावर ट्रंकेतून माझी जुनी फाइल काढली. जातीच्या दाखल्याची पडताळणी मी कॉलेजातच करून घेतली होती. राखीव जागेसाठी तोच कागद आयत्या वेळी मिळत नाही, आणि म्हणूनच आमच्या वॉर्डात ठरल्याबाहेरचं कोणी उभं राहील ही धास्ती कोणाला नव्हती. बाकीचे दाखले ग्रामसेवकानं दिले. त्याला वाटलं प्रमोदचेच आहेत. नाव वाचून त्यानं माझ्याकडं पाहिलं, पण शिक्का मारला.

शेवटच्या दिवशी सेनगावच्या तहसीलला जाऊन मी अर्ज भरला. प्रमोदविरुद्ध.

संध्याकाळी माणिकराव स्वतः आमच्या ओट्यावर आले. ते कधी आवाज चढवत नाहीत. त्यांना तशी गरज पडत नसावी. सोबत मुंजाजी काका होते. प्रमोद भिंतीला टेकून उभा राहिला, माझ्याकडं न बघता.

“संध्याबाई, तुमी लई शिकलेल्या,” माणिकराव म्हणाले. “आमी आडानी. आमाला समजून सांगा, गावानं काय चुकी केली?”

“चूक नाही म्हणत मी. मला मत द्यायचंय.”

“मग द्या की. कोन आडवलं? विधानसभेला देता, लोकसभेला देता.”

“गावात द्यायचंय.”

“शेजारच्या गावात दिलं लोकांनी. दोन डोकी फुटली, भाऊ भावाच्या बांधावर जात न्हाई. आपल्या गावात तीस वर्सात पोलिसाची गाडी न्हाई आली. ही शांतता फुकट मिळत न्हाई, बाई.”

हे खोटं नव्हतं. त्या गावातली एक जखम मी डोळ्यांनी पाहिली होती. हिंगोलीच्या दवाखान्यात आईच्या शेजारच्या खाटेवर ती होती.

“तुमची शांतता खरी आहे, दादा,” मी म्हणाले. “पण ती राखायला आमच्या तोंडावर हात का ठेवावा लागतो?”

“काहून अशी बोलून राहिली गं?” मुंजाजी काका भडकले. “हात काय, तुला मेंबरकी दिली घरात! तुझा सख्खा भाऊ! जगात कोन्या बहिनीनं असं केलं का?”

“मेंबरकी तुम्ही दिलीत, काका. वस्तीनं दिली का, ते मला बघायचंय.”

“अन् न्हाई दिली तर?”

“तर नाही दिली.”

काका माणिकरावांकडं वळून म्हणाले, “हिची माय बी मला अशीच दोनदा बोलली होती.”

माणिकराव हसले. उठताना म्हणाले, “परवा तीन वाजेस्तोवर माघार घेता येती. बाईमानसानं राग धरू नये. पुस्तकातलं गाव येगळं असतं.”

“हो,” मी म्हणाले. “पुस्तकातल्या गावात निदान गोष्ट तरी घडते.”

हे बोलायला नको होतं असं नंतर वाटलं. फार वाटलं नाही.

माघारीच्या दिवशी प्रमोद सकाळीच गाडी काढून दारात उभा राहिला. “चल ताई, सोडतो सेनगावला.” मी बसले. त्याला वाटलं मी सही करायला चालले आहे. चिन्ह घ्यायला जायचा माझा दिवसही तोच होता. रस्ता रानांतून जात होता. दोन्ही बाजूंना हळदीचा वाळलेला पाला आणि उघडे पडलेले गड्डे. गाडीवर मागं बसल्यावर मला त्याची मान दिसत होती. लहानपणी त्या मानेवर मी चुना लावायची, गांधीलमाशी चावली की.

तहसीलच्या आवारात लिंबाखाली आम्ही बसलो. बारा वाजले. एक वाजला. आजूबाजूला गावोगावचे लोक एकमेकांना बाजूला नेऊन कानात बोलत होते; कोणी हात जोडत होतं, कोणी शपथा घालत होतं. काकांचे फोन येत राहिले. प्रमोद दर वेळी “व्हय, व्हय” म्हणून ठेवत होता.

दोन वाजता तो म्हणाला, “ताई, मला एकच खरं सांग. मी मेंबर व्हावं, असं तुला वाटत न्हाई का?”

“वाटतं.”

“मग?”

“मग लोकांना विचार.”

“आईच्या वहीपायी मला पाडती का तू?”

“तुला नाही.”

“मग कोनाला? त्या बिनविरोधला?” तो चिडून हसला. त्यालाही ती गोष्ट माहीत होती; आम्ही दोघं त्यावर हसतच मोठे झालो होतो. “आई भोळी होती. तिला मानूस वाटला. तू एवढी शिकून—”

“आईला शेवटपर्यंत राग होता, प्रमोद. आपल्याला वाटायचं ती विनोद करते.”

तो चपलेच्या टोकानं मातीत रेघ ओढत राहिला. मग खालच्या आवाजात म्हणाला, “अन् लोकांनी न्हाई म्हनलं तर? आपल्याच वस्तीनं? मग मी तिथं राहू कसा?”

एवढ्या दिवसांत तो पहिल्यांदा खरं बोलला होता. मला उठून आत जावंसं वाटलं, सही करावीशी वाटली. माझा भाऊ होता तो. आईच्या शेवटच्या आठवड्यात तिला उचलून संडासला नेणारा तोच होता. मी पिशवीत हात घातला. आत आईची वही होती. ती मी बाहेर काढली नाही, तिच्या पुठ्ठ्यावर नुसता हात ठेवून बसले.

“राहशील,” मी म्हणाले. “मी नाही का राहणार?”

तीन वाजले. आतल्या शिपायानं दार ओढून घेतलं. तेव्हा प्रमोदच्या फोनवर पुन्हा काका होते. प्रमोदनं तो उचलला नाही.

त्याला कपबशी मिळाली, मला कंगवा.

साऱ्या गावात एकाच वॉर्डात, एकाच जागेसाठी मतदान होणार होतं. वरच्या गल्लीतले लोक गंमत बघायला मिळणार म्हणून खूश होते. दुकानात मला बघून कोणी डोक्यावरून हात फिरवून भांग पाडून दाखवायचं. मी सभा घेतली नाही, पत्रक काढलं नाही. फक्त सखुबाईकडं गेले. ती आता सत्तरीच्या पुढं होती. तिला आईची वही दाखवली, सहावं काम वाचून दाखवलं.

सखुबाई बराच वेळ त्या अक्षरांवर बोट ठेवून बसली. तिला वाचता येत नव्हतं. मग म्हणाली, “मेला, अजून जित्ता हाय का त्यो?”

“आहे, सखुमावशी.”

“मालन एकटीच त्याच्यामागं लागली व्हय. मला म्हनली बी न्हाई.”

दुसऱ्या दिवशी हळदीच्या रानात ही गोष्ट पोचली. तिसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीवर एकीनं दुसरीला विचारलं, “रविवारी कामावर येती का?” तर ती म्हणाली, “न्हाई बाई, बिनविरोधला पाडाया जायाचंय.” हसू उसळलं. मुंजाजी काका तिथून चालले होते. त्यांनी विचारलं, “काय झालं?” कोणी काही सांगितलं नाही. कंगव्याला मत द्या असं मीही कोणाला म्हटलं नाही. प्रमोद मात्र घरोघर फिरला. त्याला फिरावंच लागलं. ज्यांच्या दारात तो वर्षानुवर्षं गेला नव्हता, तिथं जाऊन तो पाणी प्याला, त्यानं रस्त्याबद्दल, नळाबद्दल बोलणी खाल्ली. रात्री जेवताना बायकोला सांगत होता ते भिंतीपलीकडून ऐकू यायचं, “त्या कोपऱ्यातल्या घरात लाइटच न्हाई गं. मला म्हाईतच नव्हतं.”

रविवारी सकाळी साडेसातला मी शाळेवर गेले, तेव्हा तिथं बायकांची रांग होती. थंडी होती, सगळ्यांच्या डोक्यावर पदर, हातांची बोटं हळदीनं पिवळी. सखुबाई रांगेत सर्वांत पुढं, ठेवणीतल्या निळ्या लुगड्यात. पुरुष अजून चहाच्या टपरीवर होते. शाळेच्या फाटकापासून दूर, लिंबाच्या पारावर माणिकराव बसले होते. त्यांचं मत या वॉर्डात नव्हतं, तरी आले होते. त्यांनी मला नमस्कार केला. मीही केला.

आत पहिल्या टेबलावर यादी होती. तिथल्या माणसानं माझी चिठ्ठी पाहून पानं उलटली आणि एका फोटोवर बोट ठेवलं. “मालनबाई पाईकराव?”

“ती माझी आई. वारली.”

“नाव कमी नाही केलं?”

“नाही केलं.”

त्यानं बोट खाली सरकवलं. “संध्या पाईकराव,” तो मोठ्यानं म्हणाला, बाजूला बसलेल्या प्रतिनिधींना ऐकू जावं म्हणून. माझ्या नावाखाली त्यानं पट्टी ठेवून लाल रेघ ओढली. वरचं, आईच्या फोटोचं घर तसंच राहिलं. फोटोत आईनं नवा चष्मा घातला होता, दुसऱ्या कामाचा.

शाई गार होती. पुठ्ठ्याच्या आडोशामागं गेले. यंत्रावर माझं नाव आणि भावाचं नाव, एकाखाली एक, आणि शेवटी दोन्ही नको म्हणणाऱ्यांसाठी तिसरं बटण. मी तिथं लागतो त्यापेक्षा थोडा जास्त वेळ उभी राहिले. बाहेरून कोणीतरी म्हणालं, “झालं का बाई?” मग शिट्टीसारखा लांब आवाज आला.

फाटकाबाहेर मुंजाजी काका वाट बघत होते. त्यांना राहवत नव्हतं. “काय गं, सोताला टाकलंस का भावाला?”

“काका, मत गुप्त असतं.”

“माझ्यापासून काय गुप्त?” त्यांनी तोंड फिरवलं. मत सर्वांत आधी देऊन झालं तरी सखुबाई तिथंच कठड्याला टेकून थांबली होती, तिला गाठून ते म्हणाले, “वैनी, तुमी कोनाला टाकलं?”

सखुबाईनं पदर सारखा केला. “गुप्त हाय.”

“आँ?”

“न्हाई सांगत म्हनलं.”

मागून आणखी दोघी आल्या. काकांनी त्यांच्याकडं नुसतं पाहिलं, तर एक न विचारताच म्हणाली, “आमचं बी गुप्तच हाय, भाऊजी.” तिच्या मागची तोंडाला पदर लावून हसत होती. दिवसभर काका फाटकावर उभे होते आणि दिवसभर त्यांना एकच उत्तर मिळालं. दुपारपर्यंत काही पुरुषही तसंच बोलायला लागले. ज्या वस्तीचा शब्द त्यांच्या मुठीत होता, त्या वस्तीत कोणाच्या मनात काय आहे हे त्यांना त्या दिवशी कळेना. पाच वाजता ते माझ्याजवळ येऊन बसले. थकले होते. म्हणाले, “लई तकलीफ दिलीस बघ तू.” मी त्यांना माझ्या बाटलीतलं पाणी दिलं. ते प्याले.

डोकं कोणाचं फुटलं नाही. पोलिसाची गाडी आली होती, ती शाळेच्या सावलीत उभी होती आणि तिच्यातला हवालदार झोपला होता.

दुसऱ्या दिवशी सेनगावला मोजणी झाली. एकशे त्र्याऐंशी जणांनी मतं दिली होती. प्रमोद एकशे नऊ, मी सत्तर, दोन्ही नको म्हणणारे चार. आम्ही एकाच गाडीवर गेलो होतो, एकाच गाडीवर परतलो. अर्ध्या वाटेत, साखऱ्याच्या फाट्याजवळ, त्यानं गाडी थांबवली.

“कोन असतील गं ते सत्तर?”

“मला कसं कळणार?”

“तू त्यात हायस का?”

मी उत्तर दिलं नाही. त्यानं पुन्हा विचारलं नाही. खिशातून कागद काढून आकडा पुन्हा वाचला. “एकशे नऊ,” तो म्हणाला. मग आणखी एकदा. आताही त्याच्या कपाळावर गुलाल होता, पण आखाड्यावरून आला होता त्या दिवसासारखा तो लाजत नव्हता. जरा घाबरल्यासारखा दिसत होता. गाडी चालू करताना म्हणाला, “त्या कोपऱ्यातल्या घराला आधी लाइट बघावी लागंल.”

गावात हलगी वाजली. वाजवणारे ओरडत होते ते या वेळी नाव घेऊन, “प्रमोद पाईकराव निवडून आले!” सखुबाई तिच्या दारात उभी राहून ऐकत होती. मला बघून तिनं शाई लागलेलं पिवळं बोट वर केलं आणि आत निघून गेली.

घरी येऊन मी वही उघडली. सहाव्या कामापुढची जागा रिकामी होती. पेन हातात घेतलं आणि पाहिलं, की तिनं एका ओळीत दोन वाक्यं लिहिली आहेत. मध्ये पूर्णविराम आहे, ठळक, शाळेत शिकवल्यासारखा. ‘गावात मत देणे’ हे तिचं काम होतं. ते माझ्या मतानं होत नाही, यादीतलं तिचं घर कोरंच राहिलं. ते वाक्य मी तसंच सोडलं.

‘बिनविरोदला पाडणे’च्या पुढं मी बरोबरची खूण केली. जोर देऊन केली. मागच्या पानावर उमटली.